पेटीवरचा पोपट

हरणाबाईच्या पेटीवरचा पोपट बोरजाई स्टेशनातल्या टेबलावर उताणा पडला होता. पोपट म्हणजे बोटभर पत्र्याचा तुकडा. रंग हिरवा, चोच शाबूत, शेपूट कुठं गेलं त्याचा पत्ता नाही. लाइनीच्या इन्स्पेक्टरानं तो चिमटीत धरून उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा, आणि विचारलं,

"हा रुळात कुणी घातला?"

"म्या घातला, सायेब," तात्याबा म्हणाला.

हरणाबाई बाहेर व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती. नवऱ्याची भाकरी आणली असं सांगून ती आली होती, आणि भाकरी खरोखरच तिच्या हातात होती. तिनं कपाळाला हात लावला. हा माणूस असाच. आमटी खारट झाली तर स्वतः चुलीपाशी न फिरकताही 'माझंच चुकलं' म्हणेल. अरे, निदान 'का घातला' हे तरी विचारू दे त्याला!

पण इन्स्पेक्टरानं ते विचारलंच नाही. त्याला सगळे टोपीसायेब म्हणत, कारण छपराखालीही तो डोक्यावरची फुगीर टोपी काढत नसे. त्यानं पोपट कागदावर ठेवला आणि कागद वाचून दाखवला. चावीवाला तात्याबा यानं वरिष्ठांना न विचारता रुळाच्या चावीत परका पत्रा घातला, त्यामुळं चावी सुटली आणि सोमवारी दुपारी ओढ्याच्या वळणावर सांगलीहून हळद घेऊन निघालेली मालगाडी घसरली. पाच डबे आडवे झाले. गार्डाचा पाय मांडीत मोडला.

"खाली अंगठा दे. नोकरी जाईल, खोली सोडावी लागेल. तेवढ्यावर भागेल."

"आन् न्हाई दिला तर, सायेब?"

"मग पोलीस. रूळ उखडायचे उद्योग या मुलखात कोण करतंय ते सरकारला ठाऊक आहे. त्यांच्यात तुझं नाव घालू? गुरुवारी पुण्याहून मोठे साहेब येतायत. तोपर्यंत ठरव."

तात्याबानं मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे वीस वर्षं संसार करूनही हरणाबाईला कळलं नाही. तिला एवढंच दिसलं, की त्याचा उजव्या हाताचा अंगठा आपोआप तर्जनीवर घासायला लागलाय. शाई पुसत असल्यासारखा. अजून लावली नव्हती, तरी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

*

चावीवाला काय करतो हे गाडीत बसणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसतं तोवर सगळं ठीक चाललंय असं समजावं. लोखंडी स्लीपराला दोन बाजूंनी जबडे असतात. त्यांच्या मधे रूळ बसतो. रूळ आणि जबडा यांच्यात जी फट उरते तिच्यात पाचरीसारखी एक लोखंडी चावी ठोकायची. ती घट्ट, तर रूळ जागेवर. पण गाडी गेली की सगळं हादरतं, आणि चावी रोज केसभर मागं सरकते. म्हणून चावीवाल्यानं रोज उठून हातोडा खांद्यावर टाकायचा, आपले साडेतीन मैल चालायचे, जाताना एका रुळाच्या चाव्या ठोकायच्या आणि येताना दुसऱ्या. उन्हात, चिखलात, सणासुदीला. घट्ट चावी 'टण' म्हणते, ढिली 'भद्' म्हणते. तात्याबाला माणसांचं बोलणं फारसं जमत नसे, पण चाव्यांचं सगळं कळत असे.

हरणाबाई माणातली. तिच्या बापाची दोनशे मेंढरं होती. लग्न होऊन गेटाच्या खोलीत आली तेव्हा पहिल्या आठवड्यातच तिनं नवऱ्याला विचारलं होतं, "झाली का मेंढरं मोजून?" तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच विचारायची. तोही म्हणायचा, "समदी हायती. एक लंगडतंय." म्हणजे कुठंतरी एक चावी धरत नाहीये.

कंपनीनं गेटाशेजारची खोली दिली तेव्हाच सांगितलं होतं, बाई गेट बघेल. झालं. बाई वीस वर्षं गेट बघत होती. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, बैलगाड्या थोपवायच्या, ड्रायव्हरला हिरवं निशाण दाखवायचं, गाडी गेली की फाटक उघडायचं. तिच्या या कामाचा एक कागद नव्हता. तिला त्याचं कधी काही वाटलंही नाही, कारण चुलीचा तरी कुठं कागद असतो?

लढाई सुरू झाली आणि नव्या चाव्या यायच्या थांबल्या. जुन्या चाव्या घासल्या, स्लीपराचे जबडे झिजले. हातोडा हाणला तरी चावी 'भद्' म्हणायची. तात्याबानं मुकादम नानासोला सांगितलं, नानासोनं टोपीसायबाला सांगितलं. टोपीसायेब म्हणाला, लढाई चालू आहे. हे उत्तर त्या वर्षांत सगळ्याच प्रश्नांना चालायचं.

मग तात्याबानं एक दिवस राकेलचा रिकामा डबा कापला. पत्र्याची बोटभर पट्टी चावीला गुंडाळली आणि हाणली. चावी 'टण' म्हणाली. तो घरी आला तो पोरगं झाल्यासारखा हसत.

पहिला डबा गेला, दुसरा गेला. मग राकेल मिळेनासं झालं, तेव्हा पिठाच्या डब्याचं झाकण गेलं. चुलीमागचा आडोसा गेला. पाणी तापवायचा डबा गेला त्या दिवशी हरणाबाई म्हणाली, "आता मला बी कापा आन् घाला रुळात." पण रागानं नव्हे. तिला मनातून बरंच वाटत होतं. डाकगाडी फाटकावरून धडधडत गेली की तिला वाटायचं, माझा पिठाचा डबा चाललाय बघा दम धरून.

शेवटी राहिली पेटी. पत्र्याची ट्रंक, तिच्या भावानं, जोतीरामानं, पलटणीतून पहिल्या रजेवर येताना आणलेली. झाकणावर समोरासमोर दोन पोपट, मधे लाल फूल. तात्याबानं ती मागितली नाही. तो तीन दिवस नुसता जेवताना तिच्याकडं बघत बसला. चौथ्या दिवशी हरणाबाईनं लुगडी काढून गाठोड्यात बांधली आणि पेटी त्याच्या पुढ्यात सरकवली.

"घ्या. बघून बघून पोपटास्नी नजर लावशीला."

पेटी वळणावर खपली. वळणावर जोर जास्त, तिथं पत्रा लवकर चिरडतो. दोन पोपट, लाल फूल, कडा, बूड, सगळं चार महिन्यांत संपलं. तात्याबानं नानासोला सांगितलं, आता माझ्याकडं पत्रा नाही, वळणावर गाडी सावकाश न्यायला सांगा. नानासोनं वर सांगितलं. टोपीसायेब म्हणाला, गाडी सावकाश नेली तर उशीर का झाला ते मला लिहून द्यावं लागेल.

पंधरा दिवसांनी गाडी घसरली.

*

बुधवारी सकाळी हरणाबाई वळणावर गेली. लाइन परत चालू झाली होती. डबे ओढ्याच्या अंगाला लोळत होते आणि खडीत सगळीकडं हळकुंडं पडली होती. गावच्या बाया ओच्यात भरून नेत होत्या. एकीनं हरणाबाईला हाक मारली, "अगं ये की, वरीसभराची हळद हाय!" हरणाबाईनं एक हळकुंड उचललं, हातात फिरवलं आणि परत टाकलं.

नानासो चार माणसं घेऊन खडी दाबत होता. तिला बघताच तो दुसरीकडं बघायला लागला.

"मुकादम, हिकडं बघा. मी का तुमची सावकारीण हाय व्हय तोंड चुकवायला?"

"वैनी, कामात हाय मी."

"ह्या वळणाच्या चाव्या नव्या दिसत्यात. कुठनं आल्या?"

नानासोनं पगडीखाली खाजवलं. "स्टेशनातल्या बाजूच्या लाइनीच्या काढून आणल्या."

"आन् बाजूच्या लाइनीला काय घातलं?"

"तिथं कोण बघतंय, वैनी. एखादा डबा उभा असतो."

हरणाबाई खाली बसली. रुळावरच बसली. गाडीची वेळ नव्हती. "नानासो, तुमी सायबाला सांगितलं हुतं का न्हाई, पत्र्याचं?"

"तीन डाव सांगितलं. तोंडानं."

"कागदावर?"

"कागदावर मुकादमानं लिवायचं नसतंय. सायबानं लिवायचं."

"मग त्यानं काय लिवलं?"

नानासोनं आजूबाजूला बघितलं. माणसं लांब होती. तरी तो आवाज खाली आणून म्हणाला, "दर म्हैन्याला रुळावरनं माणसं ढकलत्यात त्या ट्रॉलीवर बसून जातोय. ट्रॉली कुठं घसरत न्हाई, आदळत न्हाई. मग लिवतोय, चाव्या उत्तम. ठेसनमास्तरांनी मला वाचून दावलंय एकदा. बारा म्हैनं उत्तम."

"आवं, उत्तम कशानं? माझ्या डब्यानं!"

"त्येच की," नानासो म्हणाला. "तात्याबानं लय झ्याक काम केलं, वैनी. त्येच वंगाळ झालं. एखांदी ट्रॉली तरी घसराय पायजे हुती."

हे तो सहज बोलला आणि खडी दाबायला गेला. पण हरणाबाई तिथंच बसून राहिली. तिला जोतीराम आठवला. मागच्या रजेवर आला तेव्हा सांगत होता, आक्का, तिकडं बसऱ्याकडं आपल्या देशातनं काढून नेल्याल्या रुळावरनं आपलीच इंजनं पळत्यात, मला तर घरीच आल्यागत वाटलं. तेव्हा ती हसली होती. भावाच्या पायाखाली आपला रूळ असेल तर असू दे म्हणाली होती. आता हसू आलं नाही. रूळ नेले तर नेले. पण इथं राहिलेत त्यांचं काय, हे विचारणारं कुणी नव्हतं, कारण इथलं सगळं उत्तम होतं. आणि उत्तम कुणी करून ठेवलं? टोपीसायबाचा तिला जेवढा राग आला, तेवढाच स्वतःचा आला. चोराला चोरी करायला आपणच कंदील धरला होता. तोही राकेल नसताना.

*

संध्याकाळी तात्याबा जेवायला बसला. भाकरी पुढ्यात, आणि अंगठा तर्जनीवर घासतोय.

"द्येतो अंगठा," तो म्हणाला. "पोलिसापरीस बरं."

"आन् जायाचं कुठं?"

"माणात. तुज्या भावकीत. मेंढरं राखीन."

"तुमी? मेंढरू म्होरनं गेलं तर तुमी त्येला हातोड्यानं ठोकशीला."

तो हसला नाही. म्हणून तीही गप्प बसली. पण गप्प बसणं तिच्या अंगाला मानवत नसे.

"आवं, माझा बा काय म्हणायचा ठावं हाय? लंगडं मेंढरू कळपाच्या मधी घालू न्हाई. मधी घातलं की ते दिसत न्हाई, कळप आपल्या चालीनं जातोय आन् ते तुडवून मरतंय. लंगडं म्होरं घालावं. मग समदी सावकाश जात्यात. बघणाऱ्याला बी दिसतंय, लंगडतंय म्हणून." तिनं तवा उतरवून आदळला. "आपुन लंगडी मधी घातली. डबं कापून कापून मधी घातली."

"मग काय करायचं हुतं? गाड्या पडू द्यायच्या?"

"न्हाई. पर माझा पत्रा मला परत पायजे."

तात्याबाला वाटलं, ती पेटीबद्दल बोलतेय. तो म्हणाला, "आणीन की दुसरी पेटी."

"पेटी नगं. पत्रा. उद्या मोठा सायेब ट्रॉलीवरनं यायच्या आधी मी माझा पत्रा काढून घेनार. मग बसू दे त्येला उत्तम रुळावर."

तात्याबाचा घास हातातच राहिला. इतका वेळ मऊ असलेला त्याचा चेहरा एकदम रुळासारखा सरळ झाला.

"रूळ उघडा करायचा न्हाई. माझ्या लाइनीत न्हाई. मला फासावर द्या, पर रूळ उघडा करायचा न्हाई."

"तुमास्नी कोण करा म्हणतंय?"

*

गुरुवारी सकाळची पॅसेंजर नवाला गेली. पुढची गाडी दुपारी एकची मालगाडी. मधे फक्त मोठ्या साहेबाची ट्रॉली, कऱ्हाडाकडून, अकराच्या सुमाराला. हरणाबाईनं फाटक उघडलं, पदर खोचला, कोनाड्यातला जुना हातोडा घेतला.

पण आधी ती हातोड्याला लागली नाही. वीस वर्षं चावीवाल्याची भाकरी भाजलेली बाई होती ती. तिनं लाल फडकं दोन काठ्यांना बांधलं, कऱ्हाडच्या अंगाला पाव मैल चालत गेली आणि ते रुळावर आडवं रोवलं. तिथून पुढं आणखी पाव मैल जाऊन तीन फटाके रुळावर बसवले, दहा-दहा पावलांवर. फटाक्यावर चाक आलं की बार होतो आणि ड्रायव्हर झोपेत असला तरी ब्रेक मारतो. तात्याबानं हे तिला शिकवलं होतं ते नव्या नवलाईच्या दिवसांत, दुसरं काय बोलावं हे न सुचून.

मग ती फाटकापाशी परत आली आणि पहिली चावी उलट्या अंगानं ठोकून बाहेर काढली.

तात्याबा तेव्हा बोरजाईच्या अंगाला काम करत होता. त्यानं हातोड्याचा आवाज ऐकला. उलटा आवाज. तो धावत आला. हरणाबाईनं पाच चाव्या मोकळ्या केल्या होत्या, आणि प्रत्येक चावीशेजारी तिच्यातून निघालेली पत्र्याची पट्टी रुळावर मांडून ठेवली होती.

"अगं, काय केलंस ह्ये!"

"कऱ्हाडकडं निशाण लावलंय. फटाकं बी. ठेसनाकडचं ऱ्हायलंय." तिनं सहावी चावी हाणली. "आता उभं ऱ्हाऊन बघायचं असंल तर बघा. न्हाईतर निशाण घ्या आन् जावा."

तात्याबा क्षणभर उभा राहिला. त्याच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते हरणाबाईनं बघितलं, आणि तिला त्याची कीवही आली. त्याला तिचा हात धरता आला असता. हातोडा हिसकावता आला असता. पण रूळ उघडा झाला होता, आणि रूळ उघडा झाल्यावर आधी काय करायचं हे त्याच्या हाडात होतं. बायको, नोकरी, अंगठा, सगळं त्याच्या नंतर. त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून लाल निशाण काढलं आणि स्टेशनाकडं पळत सुटला. जाता जाता ओरडला, "मास्तरास्नी सांगतो, लाइन बंद म्हणून! पर फुडची काढू नगंस!"

"काढनार!" ती ओरडली.

फाटकातून उसाची बैलगाडी घेऊन गावातला बाळासो चालला होता. त्यानं बैल थांबवले.

"आक्का, आज फाटक उघडं आन् रूळ बंद? उलटं राज आलं म्हणायचं."

"तू जा रं तुज्या वाटंनं."

"जातो की. पर ह्यो पत्रा कसला मांडलायस? दुकान घातलंस व्हय?"

"व्हय. घेनार का? ह्यो राकेलचा, ह्यो पिठाचा. ह्यो आंघोळीच्या पाण्याचा हाय, लय गरम."

बाळासो हसला, पण मग त्यानं वाकून एक मोकळी चावी बोटानं हलवली आणि त्याचं हसू मावळलं. मागच्याच आठवड्यात त्याची म्हातारी याच रुळावरून मिरजेला गेली होती. काही न बोलता त्यानं बैल फाटकापलीकडं नेऊन बांधले, परत आला आणि हरणाबाईच्या पुढं चालत पट्ट्या उचलून रुळावर मांडायला लागला. अकरा वाजेपर्यंत शंभरावर चाव्या मोकळ्या झाल्या. हरणाबाईच्या तळहाताला फोड आले. त्या फोडांना ती टोपीसायबाचं नाव घेऊन एकेक शिवी देत होती.

मग लांब बार झाला. एक. लगेच दुसरा, तिसरा.

*

चार ट्रॉलीवाले ट्रॉली ढकलत आणत होते, ती लाल फडक्यापाशी थांबली. वर दोघं बसले होते. टोपीसायेब आधी उतरला, जवळजवळ धावतच आला, आणि रूळ बघून पांढरा पडला.

"बघा साहेब! बघा! मी म्हणालो नव्हतो? हे घातपाती लोक आहेत! नवरा पत्रा घालतो, बायको चाव्या काढते! हिला आत्ताच्या आत्ता..."

मोठा साहेब देशीच होता, कुठल्या लांबच्या मुलखातला, चष्मेवाला. त्याला मराठी अडखळत यायची. त्यानं हात वर करून टोपीसायबाला गप्प केलं आणि हरणाबाईला विचारलं, "बाई, तू चाव्या का काढली?"

"चाव्या न्हाई काढल्या, सायेब. चाव्या तुमच्या, त्या हितंच हायत्या. मी माझा पत्रा काढला. ह्यो राकेलच्या डब्याचा. ह्यो पिठाच्या झाकणाचा. ह्यो चुलीमागचा. माझ्या पेटीचा वळणावर हुता, त्येच्यातला एक पोपट ह्या सायबाकडं हाय. त्यो बी मला परत पायजे."

"चाव्या सैल आहेत काय, पत्रा नसला तर?"

"तुमी हात लावून बघा."

मोठा साहेब उकिडवा बसला. विजार मळेल याचा विचार न करता बसला, एवढं हरणाबाईनं त्याच्या बाजूनं मनात धरून ठेवलं. पत्रा काढलेली एक चावी त्यानं परत जबड्यात घातली, हरणाबाईच्या हातातला हातोडा घेतला आणि हाणली. भद्. पुन्हा हाणली. भद्. मग दोन बोटांनी धरून ओढली, तर चावी पिकल्या बोरासारखी हातात आली. त्यानं दुसरी बघितली. चौथी. दहावी.

"हे असं कुठपर्यंत आहे?"

"फाटकापासनं पाक कऱ्हाडकडच्या खांबापतुर. साडेतीन मैलात जागोजाग. आत्ता तुमी आलासा ना, ट्रॉलीवरनं? त्ये समदं माझ्या डब्यावरनं आलासा."

मोठ्या साहेबानं मान वळवून आल्या वाटेकडं बघितलं. ट्रॉलीवाल्यांपैकी एकजण रुळावरून हळूच बाजूला सरला.

"आणि तुम्ही रिपोर्टमधे काय लिहिलं?" साहेबानं टोपीसायबाला विचारलं. आवाज चढवला नाही. "बारा महिने मी वाचतोय. उत्तम. उत्तम. नवी चावी नको."

टोपीसायेब इंग्रजीत काहीतरी बोलायला लागला. ते हरणाबाईला कळलं नाही. पण त्यात 'वॉर' हा शब्द तीनदा आला. तेवढं इंग्रजी तिला येत होतं.

"सायेब," ती मधेच म्हणाली, "त्येंनी बारा म्हैनं लिवलं त्यो कागद खरा. आन् माझ्या मालकानं अंगठा द्यायचा त्यो बी कागद खरा. मग ह्यो रूळ खोटा हाय व्हय?"

तेवढ्यात स्टेशनाच्या अंगानं तात्याबा येताना दिसला, धापा टाकत, हातात निशाण. मोठ्या साहेबापुढं येऊन त्यानं हात जोडले आणि पहिलं वाक्य बोलला ते हे: "सायेब, दोनी बाजूनं निशाण हाय, मास्तरास्नी सांगितलंय, एकची मालगाडी थांबवलीया. लाइन बंद हाय, कुणाला धोका न्हाई."

मोठा साहेब म्हणाला, "बरोबर केलं." एवढंच. पण तात्याबाचा अंगठा, हरणाबाईनं नीट बघितलं, घासायचा थांबला.

*

लाइन दोन दिवस बंद राहिली. तिसऱ्या दिवशी नव्या चाव्यांचे दोन डबे आले. तेल लावलेल्या, काळ्याभोर, पोत्यांत भरलेल्या. नानासोनं चौकशी केली तर कळलं, त्या एका गोदामात आठ महिने पडून होत्या. कुणी लिहून मागितल्या नव्हत्या, म्हणून. मागणार कशाला? सगळं उत्तम होतं.

हे ऐकलं त्या रात्री हरणाबाई जेवली नाही. गार्डाच्या मांडीचं हाड तिला डोळ्यांपुढं दिसत होतं. आठ महिने! तिचा पाणी तापवायचा डबा गेल्या पावसाळ्यात कापला होता, आणि तेव्हा या चाव्या पोत्यांत झोपल्या होत्या.

अंगठ्याचा कागद परत निघाला नाही. तात्याबाला ताकीद मिळाली, परका पत्रा वापरल्याबद्दल. दुसरी शिक्षा हरणाबाईला व्हायची होती. परवानगीशिवाय लाइन बंद केल्याबद्दल तिला गेटावरून काढून टाकावं, असं टोपीसायबानं लिहून पाठवलं. पुण्याच्या कचेरीत तिचं नाव शोधलं. सापडलं नाही. गेटावर बाई आहे असं एकाही कागदावर नव्हतं. जी नाहीच, तिला काढणार कशी? तो कागद तसाच परत आला. मास्तर वाचून दाखवताना हसले. हरणाबाई हसली नाही. ती म्हणाली, "मग वीस वर्सं ह्या फाटकावर कोण उभं हुतं, मास्तर? माझं भूत?"

आणि टोपीसायबाचं काय झालं? त्याची बदली झाली. मोठ्या स्टेशनावर, बंगला असलेल्या जागी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं संन्यासी सुटला हेच नशीब.

तो जायच्या दिवशी हरणाबाई सकाळी स्टेशनात गेली आणि त्याच्या टेबलापुढं हात पसरून उभी राहिली. त्याचं सामान बांधून झालं होतं. टोपी डोक्यावर होती.

"माझा पोपट."

तो पुरावा आहे, फाइलीत लावलाय, असं तो म्हणाला. ती हात पसरून उभीच राहिली. बाहेर हमाल बघायला लागले, मास्तर खिडकीतून बघायला लागले. शेवटी त्यानं फाइल सोडली, टाचणी काढली, तुकडा टेबलावर टाकला. या वेळी तो पालथा पडला. हरणाबाईनं उचलून पदरानं पुसला.

नऊच्या पॅसेंजरनं टोपीसायेब गेला. गाडी सुटायच्या आत हरणाबाई फाटकावर पोचली होती. तिनं फाटक लावलं. बाळासोची गाडी अडली होती, तो म्हणाला, "आक्का, आज लाल दाव की! इंजिनाला कळू दे कोण चाललंय त्ये."

ऐकायला बरं वाटलं. क्षणभर तिचा हात लाल निशाणाकडं गेलाही. मग लांबून चाव्यांचा आवाज आला. तात्याबा कऱ्हाडच्या अंगाला चालला होता, गाडीसाठी बाजूला होण्याआधी शेवटच्या चाव्या ठोकत. टण. टण. टण. एकही 'भद्' नव्हती.

तिनं हिरवं निशाण उचललं. हात सरळ, वर, ड्रायव्हरला लांबून दिसेल असा. दुसऱ्या वर्गाच्या खिडकीत फुगीर टोपी दिसली, तशी हरणाबाईनं शिव्या द्यायला सुरुवात केली, माणातल्या, बापाच्या मेंढरांमागच्या, ठेवणीतल्या. इंजिनाच्या धडधडीत त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. शेवटचा डबा जाईपर्यंत तिनं एकही शिवी कमी केली नाही, आणि निशाणही खाली आणलं नाही.